कचऱ्यावर उगवलेलं रान आणि आपल्या गावातल्या मोकळ्या जागा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

मागच्या महिन्यात मुंबईला गेलो होतो. डिप्लोमाच्या वर्गातल्या एका मित्राच्या मुलीचं लग्न कुर्ल्याला होतं. लग्न आटोपलं आणि परतीची गाडी रात्रीची. दिवस मोकळा. भाचा बीकेसीत म्हणजे बांद्रा-कुर्ला संकुलात नोकरीला आहे. नक्की काय काम करतो हे मला तीन वर्षांत कळलेलं नाही, पण काचेच्या बिल्डिंगीत बसतो आणि गळ्यात कार्ड असतं. तो म्हणाला, "मामा, या, ऑफिस दाखवतो." गेलो.

ऑफिस बाहेरूनच दाखवलं. आत पाहुण्यांना नेता येत नाही म्हणे. मग त्याने चक्कर मारून आणलं. हे शेअर बाजाराचं, ही सेबी, हा हिऱ्यांचा बाजार, हा अमेरिकेचा वाणिज्य दूतावास. एका इमारतीवर नाबार्ड वाचलं आणि थांबलो. आपल्याकडे सोसायटीच्या कर्जाचा विषय निघाला की गटसचिव ज्या नाबार्डचं नाव घेतो, ती इथे राहते तर. धडगावच्या बाईच्या बचत गटाचं धोरण या काचेमागे ठरतं. रस्ते गुळगुळीत, फुटपाथला कडेने कापलेली हिरवळ, झाडं एका मापाची. सगळं छान, पण बसायला जागा विचाराल तर कॉफीच्या दुकानात. तिथे एका कपाचे जेवढे पैसे घेतले तेवढ्यात आपल्या बसस्टँडसमोर चौघांचा नाश्ता होतो.

भाचा म्हणाला, "मामा, आठे पहिले काय व्हतं?"

म्हटलं, "पाणी. दुसरं काय?"

आणि इथूनच ही पोस्ट सुरू होते. कारण नंतर आम्ही मेट्रोने एक स्टेशन पुढे, धारावीला गेलो, मिठी नदीच्या खालून. आणि तिथे जे पाहिलं त्याने मला आपल्या गावाबद्दल विचार करायला लावलं.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय त्या जागेची किंमत कळत नाही.

मुंबई हे बेट होतं, हे आपण शाळेत शिकलो. बेटाची उत्तर हद्द म्हणजे माहीमची खाडी. खाडीच्या अलीकडे मुंबई, पलीकडे साष्टी. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या बाजूने उतरून याच खाडीला मिळते. भरतीला समुद्राचं पाणी आत यायचं, ओहोटीला चिखल उघडा पडायचा. तिवरांची झाडं, कोळ्यांच्या होड्या, मिठागरं. आजचं बीकेसी आणि आजची धारावी म्हणजे या चिखलाचे दोन काठ.

धारावीच्या काठावर एक छोटा किल्ला आहे. लोक त्याला काळा किल्ला म्हणतात, आणि बेस्टच्या डेपोलाही तेच नाव आहे. बांधकाम इंग्रजांचं, त्यावरच्या शिलालेखात गव्हर्नर हॉर्नचं नाव आणि १७३७ साल आहे. आता १७३७ म्हणजे काय, ते इतिहासवाल्यांना सांगायला नको. त्याच साली मराठ्यांनी ठाणं घेतलं, साष्टीत उतरले, आणि दोन वर्षांनी वसई पडली. म्हणजे खाडीपलीकडे इंग्रजांना अचानक मराठे दिसायला लागले. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेईपर्यंत ही खाडी हीच सरहद्द. भाच्याला म्हटलं, तुझं ऑफिस मराठ्यांच्या हद्दीत आहे, निवांत बस.

आणि तेव्हा आपण कुठे होतो? हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडच्या पोरांना वाटतं की नंदुरबार म्हणजे कायमचं मागास. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादहून खंबायतला जाताना नंदुरबारहून गेला. तिथे मराठे राहतात, कारागिरीत हुशार, वैद्यक आणि ज्योतिष जाणणारे, असं त्याने नोंदवून ठेवलंय. सतराव्या शतकात सुरत ते बुऱ्हाणपूर हा हिंदुस्थानातल्या मोठ्या व्यापारी रस्त्यांपैकी एक होता आणि तो नवापूर-नंदुरबारवरून जायचा. टॅव्हर्निअर नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या त्या रस्त्याने गेला आणि नवापूरच्या सुवासिक तांदळाबद्दल लिहून गेला. त्याच काळात, १६६१ च्या करारात, मुंबई पोर्तुगालच्या राजकन्येच्या हुंड्यात इंग्लंडच्या राजाला गेली आणि १६६८ साली राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. नवापूरच्या तांदळाची कीर्ती होती तेव्हा बीकेसीच्या जागी खेकडे होते. जागेचा भाव कायम एकच राहत नाही, एवढाच मुद्दा.

आता विसाव्या शतकात या. मुंबई उत्तरेकडे वाढत गेली. धारावी हे मूळ कोळीवाड्याचं गाव. तिथे कुंभार आले, चामड्याचे कारखाने आले, देशभरातून पोट घेऊन माणसं आली. आणि शहराचा कचराही आला. मिठीच्या काठावर, आज जिथे ते उद्यान आहे तिथे, मुंबईची कचराभूमी होती. पाणथळ जागा म्हणजे वाया गेलेली जागा, आणि वाया गेलेली जागा म्हणजे कचरा टाकायची जागा, हे गणित मुंबईपासून आपल्या तालुक्याच्या गावापर्यंत सारखंच.

१९७५ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झालं. दक्षिण मुंबईत ऑफिसांची गर्दी मावेना, म्हणून ती उत्तरेला हलवायची असं ठरलं, आणि १९७७ मध्ये बांद्रा-कुर्ला भागातल्या सुमारे ३७० हेक्टरच्या नियोजनाचे अधिकार प्राधिकरणाला मिळाले. भराव पडायला लागला. त्याच सुमारास, १९७६ मध्ये, डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया या संस्थेने सुचवलं होतं की धारावीच्या कचराभूमीवर निसर्ग उद्यान करा. कचरा टाकणं १९७७ ला बंद झालं.

तेव्हा हे ऐकून किती जण हसले असतील, याची कल्पना करा. कचऱ्याच्या डोंगरावर जंगल! आणि तेही फुलझाडांची बाग नाही, कारंजं नाही, पुतळा नाही. नुसतं रान.

झाड कचऱ्यावर का जगत नाही, हे मला तिथे गेल्यावर नीट समजून घ्यावंसं वाटलं. कचरा आतल्या आत कुजत राहतो. त्यातून मिथेन निघतो, मुळांपाशी हवा राहत नाही. आत उष्णता असते. जमीन एकसारखी खचत नाही, इथे वीतभर, तिथे हातभर. पावसाचं पाणी थांबत नाही, खाली झिरपून काळं होऊन बाहेर येतं. म्हणून अशा जागी वर मातीचा थर द्यावा लागतो, आधी गवत आणि चिवट जातीची झुडपं धरावी लागतात, त्यांचा पालापाचोळा पडून माती तयार झाली की मग मोठी झाडं. वर्षं जातात यात. उद्घाटनाच्या तारखेवर नजर ठेवून केलेलं वृक्षारोपण इथे चालत नाही. आपल्याकडे दर पावसाळ्यात त्याच खड्ड्यात नवं रोप लावून फोटो काढतात, मी स्वतः तशा बातम्या केल्यात. एकाच खड्ड्याच्या दोन वर्षं, दोन वेगळ्या पाहुण्यांसह.

१९८३ साली पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्या हस्ते तिथे पहिलं झाड लागलं. त्यांचा जन्म १८९६ चा. म्हणजे शहाऐंशीच्या घरातला माणूस कचऱ्याच्या ढिगावर रोप लावतोय, ज्याची सावली आपल्याला मिळणार नाही हे त्याला पक्कं माहीत आहे. १९८७ ला ते गेले. उद्यान लोकांसाठी उघडलं १९९४ मध्ये. मधल्या काळात, १९९१ ला, ती जागा संरक्षित वन म्हणून जाहीर झाली. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

तर आम्ही आत गेलो. तिकीट काढलं. महाराष्ट्र निसर्ग उद्यान, सुमारे ३७ एकर. दहा पावलं आत गेलो आणि रस्त्याचा आवाज बसला. बंद झाला असं नाही म्हणत, बसला. करंज, बांबू, वर चढलेले वेल. पाऊलवाटेवर ओला पाला. एका शाळेची पोरं रांगेत चालली होती आणि त्यांची बाई फुलपाखरू दाखवत होती. इथे शंभरावर जातींचे पक्षी नोंदले गेलेत. पावसाचं पाणी साठवणारं तळं आहे, आणि झाडांना त्याचा आधार आहे. मागच्या बाजूला मिठीच्या काठावर तिवरं. नदीचा वास येतो, ते लपवून उपयोग नाही. पाणी काळं आहे. आणि तिवरांच्या वरून पलीकडे बघितलं तर तीच काचेची बिल्डिंग, भाच्याची.

तो म्हणाला, "मामा, मी तीन वर्षं त्या खिडकीतून हे हिरवं बघतो. मला वाटायचं कोणाची तरी प्रायव्हेट जागा असेल."

बाकावर एक बाई डबा उघडून बसली होती. धारावीतलीच असावी, कारण तिचा मुलगा तिला हाक मारून घरी पळत गेला आणि परत आला. वीस मिनिटं ती तिथे नुसती बसली. मला ते बघून बरं वाटलं. धारावीत घरात बसायला जागा नाही, आणि बीकेसीत बसायला परवडत नाही.

आता खरा मुद्दा.

हे उद्यान का झालं? कोणाला निसर्गाचं फार प्रेम होतं म्हणून? काही जणांना होतं, त्यांनी जीव लावला. पण ते होऊ शकलं, कारण तेव्हा त्या जागेला किंमत नव्हती. घाण वास, शेजारी झोपडपट्टी, पलीकडे चिखल. कोणी मागत नव्हतं. आज पलीकडचा काठ देशातल्या सगळ्यात महाग जमिनींपैकी आहे. आज जर ती कचराभूमी मोकळी झाली असती, तर तिथे ३७ एकर सोडा, ३७ गुंठे झाडांना मिळाले असते का? सांगा.

पुरावा पाहिजे? मालाडला चिंचोली बंदरची कचराभूमी होती. ती नंतर बंद झाली आणि त्या बाजूला ऑफिसांचं मोठं संकुल उभं राहिलं. खालून वायू येत राहिला, संगणक आणि यंत्रं बिघडतात अशा तक्रारी पेपरात आल्या. कचरा तोच, शहर तेच, निर्णय वेगळा. न्यूयॉर्कमध्ये फ्रेश किल्स नावाची प्रचंड कचराभूमी २००१ ला बंद केली आणि तिचं उद्यान करायला घेतलं. अमेरिकेसारख्या देशालाही ते एका दमात जमलं नाही, टप्प्याटप्प्याने चाललंय. आपल्या धारावीवाल्यांनी त्याच्या अठरा वर्षं आधी झाडं लावायला घेतली होती. हे कोणी सांगत नाही.

आणि राखायलाही लढावं लागलं. धारावीच्या पुनर्विकासाचा विषय आला तेव्हा हे उद्यान त्यात ओढलं जाणार का, अशी शंका निघाली. पर्यावरणवाले उच्च न्यायालयात गेले. तिथे सरकारी बाजूने सांगितलं गेलं की ही जागा संरक्षित वन आहे, पुनर्विकासात येत नाही. मघाशी म्हटलं ना, १९९१ ची तारीख लक्षात ठेवा. त्या एका कागदाने ते रान वाचलं. झाडांनी नाही वाचवलं, पक्ष्यांनी नाही, माझ्यासारख्या भावनिक पोस्टींनी तर नाहीच.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर मुंबईचं कौतुक करून आलो असं वाटेल. ज्या भरावावर बीकेसी उभं आहे तो भराव नदीच्या आणि खाडीच्या जागेतच पडला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी शहरात घुसली. नंतर माधवराव चितळे समिती नेमली गेली, नदीच्या पात्रातला भराव आणि अतिक्रमणं चर्चेत आली. म्हणजे ३७० हेक्टरचं पाणथळ गेलं आणि पंधरा हेक्टरचं रान मिळालं. हा सौदा बरोबरीचा नाही. पण ते पंधरासुद्धा नसते, हेही खरं.

आणि आपल्या जिल्ह्याला जंगल देऊन टाकण्याचा हिशोब कोणी शिकवू नये. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणीतली ३३ गावं गेली आणि त्यांच्या पुनर्वसनासाठी तळोद्याची हजारो एकर वनजमीन वळती केली. विस्थापितांना जमीन मिळायलाच हवी होती, त्यात वाद नाही. मी एवढंच म्हणतोय की दुसऱ्याच्या पाण्यासाठी आणि विजेसाठी आपण रान दिलं, आणि स्वतःच्या गावात दोन एकर झाडांसाठी आपल्याकडे जागा नसते.

नसते का खरंच?

आता गावाकडे या. स्वच्छ भारत अभियानाचा दुसरा टप्पा २०२१ ला सुरू झाला. त्यात एक मोठं काम आहे: शहरांच्या जुन्या कचराभूमी साफ करायच्या. साचलेला कचरा उकरायचा, चाळायचा, प्लास्टिक वेगळं, माती वेगळी, दगड-विटा वेगळ्या. याला बायोमायनिंग म्हणतात, टेंडरच्या बातम्यांत हा शब्द तुम्ही वाचला असेल. राज्यभर लहानमोठ्या गावांत हे चाललंय. काम पूर्ण झालं की गावाबाहेरचे काही एकर मोकळे होणार. आणि गावाबाहेर म्हणजे दहा वर्षांपूर्वीचं बाहेर. आता तिथपर्यंत प्लॉटिंग पोचलंय.

त्या मोकळ्या जागेचं काय करायचं, हा प्रश्न मी आपल्या भागातल्या एका गावात एका जबाबदार माणसाला विचारला. नाव लिहीत नाही. ते म्हणाले, "अजून ठरलं नाही, पण कॉम्प्लेक्स केलं तर उत्पन्न येईल." मी विचारलं, उद्यान? ते हसले. "भाऊ, उद्यानाला माळी लागतो, कॉम्प्लेक्सला भाडं मिळतं."

त्यांचं चूक नाही म्हणत. पगाराची बोंब असते, पाणीपट्टी वसूल होत नाही, हे मला माहीत आहे. पण मुंबईला कोणी भाड्याचा मोह नव्हता असं थोडंच आहे?

दुसरं, विकास आराखड्यातली आरक्षणं. नकाशात हिरवा रंग दिला म्हणजे बाग झाली, असं लोकांना वाटतं. कायदा तसा नाही. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ मध्ये असं आहे की आरक्षित जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतरच्या मुदतीत पालिकेने हालचाल केली नाही तर आरक्षण गळून पडतं. जागा मोकळी, बिनशेती, प्लॉट, विक्री. यात कोणी चोरी केली असंही म्हणता येत नाही. नुसतं काही न करता बाग नाहीशी होते. मालकाच्या बाजूनेही बघा, बिचाऱ्याची जमीन दहा वर्षं अडकवून ठेवायची आणि पैसेही द्यायचे नाहीत, हे कुठल्या न्यायात बसतं?

तिसरं, कॉलन्यांतल्या ओपन स्पेस. मोठा ले-आउट मंजूर करताना साधारण दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती सगळ्या प्लॉटधारकांची. मी राहतो त्या कॉलनीतही आहे. म्हणजे कागदावर आहे. प्रत्यक्षात आधी तिथे वाळू-विटा पडल्या, मग पत्र्याचं शेड आलं, मग शेडवर बोर्ड आला. आता तिथे हॉल आहे आणि लग्नसराईत रात्री बारापर्यंत डीजे. माझी मुलगी लहान होती तेव्हा त्याच जागेत घसरगुंडी बसवू म्हणून आम्ही चार घरांनी वर्गणी काढली होती. ती वर्गणी परत वाटली. मी पत्रकार, आणि माझ्याच गल्लीतली बातमी मी केली नाही. शेजाऱ्यांशी वाकडं कशाला घ्या, असं म्हणून गप्प बसलो. हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

परतीच्या गाडीत झोप लागली नाही. सुरतेनंतर गाडी आपल्या मार्गाला लागली, पहाटे नवापूरच्या अलीकडे डोंगर दिसायला लागले, डबा थंड झाला. भाच्याचा मेसेज आला होता. जेवणाच्या सुट्टीत तो पुन्हा त्या उद्यानात गेला होता, एकटाच. खाली एका पक्ष्याचा फोटो आणि प्रश्न: "मामा, हा कोणता?" मला ओळखता आला नाही. तुमच्यापैकी कोणाला येत असेल तर सांगा, फोटो शेवटी टाकलाय.

आता मी काय करतोय ते सांगतो. सोमवारी माहितीच्या अधिकारात दोन अर्ज टाकतोय, दहा-दहा रुपयांची कोर्ट फी तिकिटं लावून. एक, आपल्या शहराच्या विकास आराखड्यात बाग आणि खेळाच्या मैदानासाठी किती जागा आरक्षित आहेत, त्यांतल्या किती ताब्यात आहेत, आणि कितींची दहा वर्षं कधी भरतात. दोन, कचराभूमी साफ झाल्यावर त्या जागेच्या वापराचा ठराव झाला आहे का, झाला असेल तर त्याची प्रत.

तुमच्या कॉलनीचा मंजूर ले-आउट घरात कुठेतरी असेल, खरेदीखताच्या फाइलीत बघा. त्यावर ओपन स्पेस कुठे दाखवली आहे ते बघा, मग खिडकीतून बाहेर बघा. मी माझा काढलाय. गट नंबर वाचता येत नाही इतका पिवळा पडलाय, पण चौकोन दिसतोय, आणि त्यात तीन छोटी झाडं काढलेली आहेत.